पिंजऱ्यात मुंगूस

इथे अरबी मुलखात, जनाबियातल्या आमच्या व्हिलामागे वीतभर माती आहे. तिच्यात मी मेथी, कोथिंबीर आणि सासूबाईंनी गावाहून आणलेला अळूचा कंद लावला होता. रोज सकाळी बघावं तर वाफे उकरलेले, अळू उपटून पडलेलं! माझं डोकंच फिरलं. घूस असणार म्हणून नवऱ्याकडून मोठा पिंजरा आणवला आणि आत तळलेला बोंबील टांगला.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला, मी मागे जाऊन बघते तर काय, आत मुंगूस!

सासूबाई कोकणातून पहिल्यांदाच इथे आल्या होत्या. त्यांनी चक्क हात जोडले. "अगंबाई, सकाळी सकाळी मुंगसाचं दर्शन! दिवस चांगला जाणार बघ."

कसला चांगला! मी नवऱ्याला फोन लावला, स्पीकरवर. "अरे, मुंगूस सापडलंय. याचं काय करायचं?"

तो सखीरच्या ऑफिसात, मीटिंगच्या गडबडीत. "दुपारी आल्यावर बघतो त्याला. यल्ला, खलास!" असं खेकसून म्हणाला आणि फोन ठेवला.

इथे यल्ला म्हणजे चल आणि खलास म्हणजे झालं, पुरे, ठेवतो. दिवसभर सगळे तेच म्हणतात, मीसुद्धा. मी चहा टाकायला आत गेले.

परत आले तर पिंजरा सताड उघडा, मुंगूस पसार, आणि सासूबाई हाताला पदर गुंडाळून उभ्या. पदरातून रक्त! पिंजरा उघडताना मुंगूस चावलं होतं.

"आई, अहो काय केलंत हे?"

"तो दुपारी येऊन खलास करणार होता ना त्याला? मुंगूस मारल्याचं पाप लागलं असतं गं माझ्या पोराला."

तसंच त्यांना दवाखान्यात नेलं. पट्टी झाली, इंजेक्शनं झाली. नवरा धापा टाकत तिथेच आला. सगळं ऐकून तो ओरडलाच, "आई, मी मारेन मुंगूस? मी? अगं, इथे खलास म्हणजे नुसतं ‘झालं’!"

"असेल बाबा," त्या म्हणाल्या. "लहानपणी तू मुंगीसुद्धा मारायचा नाहीस. पण इतकी वर्षं तुला नुसती फोनवरच ऐकते मी. आज ज्या आवाजात बोललास ना, मला खरंच वाटलं, हा मारेल."