खुंटीवरची चुंबळ

आमच्या मुरबाडच्या मुलींच्या शाळेत समाजसेवेचं काम माझ्याकडे आलं, ते मी याद्या करते म्हणून. मुली किती, टोप्या किती, झाडू, मलम, जीपवाल्याला फोन – सगळं पर्समधल्या कागदावर असतं आणि काम झालं की त्यावर काट मारल्याशिवाय मला चैन पडत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही सिद्धगडाच्या बाजूचा एक पाडा घेतला. ‘घेतला’ असंच म्हणतो आम्ही. पाड्याला विचारायची पद्धत नाही.

रस्ता झाडला, शोषखड्डे खणले, भिंतींवर चित्रं काढली. मग काम संपलं आणि शनिवार उरले.

पाड्यात एक म्हातारी एकटी राहायची. विहीर उतारावर खाली, तिला तो चढ जमत नसे. दारात नळ होता, पण त्यातून हवाच यायची. तिचं पाणी पाड्यातल्या बायका भरत. तिच्या जुन्या लुगड्याची एक चुंबळ होती, डोक्यावर हंड्याखाली ठेवायची. ज्या घराच्या पडवीत खुंटीला ती चुंबळ, त्या घराचा त्या दिवशी नंबर. पाणी भरून झालं की बाई ती शेजारच्या खुंटीला अडकवून यायची. बोलणं नाही, आठवण करणं नाही.

मला ते बघून अस्वस्थ वाटलं. नोंद कुठेच नाही. एखादी माहेरी गेली तर? मी बायकांना सांगून टाकलं, “आजीचं पाणी यापुढे आमच्या मुली भरतील.”

“रोज येनार का गो बाई?” एकीने विचारलं आणि बाकीच्या हसल्या.

त्याचीही सोय माझ्याकडे होती. नववीतली एक मुलगी त्याच पाड्यातली. शनिवारी सगळ्या मुली, इतर दिवशी ती. चुंबळ हरवायला नको म्हणून तीही तिच्याच घरी ठेवायला सांगितली. म्हातारीच्या भिंतीवर शाळेचा बोर्ड लागला, फोटो झाले, मुलींना प्रमाणपत्रं मिळाली. मी कागदावर काट मारली.

नववीची परीक्षा संपली आणि दहावीचे उन्हाळी जादा तास सुरू झाले. त्या मुलीचं गणित चांगलं होतं. पाड्यावरून रोज ये-जा करून दहावी निघत नाही, हे मी बऱ्याच मुलींच्या बाबतीत पाहिलं होतं. म्हणून वसतिगृहात तिच्यासाठी खाट धरून ठेवली होती. पहिल्या दिवशी ती आलीच नाही. वसतिगृहाच्या बाई म्हणाल्या, “सोमवारपर्यंत थांबते. मग दुसरीला देईन.”

रविवारी सकाळीच स्कूटी काढून पाड्यावर गेले. मुलगी पडवीत हंडा घासत होती. वडील पायांत चपला घालत होते. ते आणि तिची आई वाशिंदला बांधकामावर जातात, उजाडता निघतात. रविवार म्हणून घरी सापडले.

“पाठवली असती बाई,” ते म्हणाले. “पन चुंबळ आमच्या खुंटीला हाय.”

“मग शेजारी द्या.”

“नंबर सरला की देतात. तुमी तर शाळेचा नंबर लावला. शाळेचा नंबर कवा सरतो?”

मी मुलीकडे पाहिलं. ती हंड्याच्या तळावर जोरात राख घासत म्हणाली, “बाई, प्रमाणपत्रावर ‘स्वयंस्फूर्तीने’ लिहिलंय. मला तर कुणी विचारलंच नव्हतं.” आणि स्वतःच हसली. वडील हसले नाहीत.

मी शेजारच्या घरी गेले. शेजारीण धान्य पाखडत होती. मी परिस्थिती सांगितली, मुद्देसूद.

“आमी भरीत होतो तवा कुनी फोटो काढला नाय,” ती म्हणाली. “आता भिंतीला शाळेचा बोर्ड हाय. वाचता येतो आमाला.”

“बोर्ड काढते.”

“काढा नायतर ठेवा. इहीर तळाला गेली. आमचंच पानी भरता भरता कंबर मोडते.”

समोरच्या दारातून म्हातारी ओरडली, “माझ्या नावानं भांडू नका गो! मी किती पिते? दोन तांबे!”

मला वाटलं होतं, कुणाशी तरी बोलून हे सुटेल. पण बोलायला कुणी उरलंच नव्हतं.

मी परत जाऊन खुंटीवरची चुंबळ काढली, मुलीच्या हातातला हंडा घेतला आणि विहिरीची वाट धरली. खाली दोर सोडला तो बराच वेळ सुटतच राहिला. हंडा डोक्यावर मुलीनेच चढवून दिला. वर येताना बायका दारादारांत उभ्या होत्या.

“बाई, पायांकडं नका बघू, हंडा जाईल!”

“साडीच भरली गो, हंडा रिकामाच हाय!”

म्हातारीच्या माठात जे ओतलं ते अर्ध्याहून थोडं जास्त असेल. मग शेजारच्या खुंटीला चुंबळ अडकवली आणि तिथेच उभी राहिले. शेजारणीने सूप खाली ठेवलं.

“झाला शाळेचा नंबर?”

“झाला.”

“मी घेते. पन बाई, फिरत फिरत ती शेवटच्या घराला जाईल. मंग?”

“मग पुन्हा हिच्या घरी.”

“घरी कोन? आईबाप वाशिंदला. पोरगी तुमी नेनार.”

मी वडिलांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. मुलगी माझ्याकडे बघत होती, हसायचं सोडून.

“त्या घराचा नंबर मी भरीन,” मी म्हटलं.

“बगा हां,” शेजारीण म्हणाली. “चुंबळ थांबत नाय.”

सोमवारी मुलगी पत्र्याची पेटी घेऊन वसतिगृहात आली. शेवटच्या घरची बाई मला आदल्या दिवशी मिस्ड कॉल देते. मग मी तास बदलून घेते किंवा सुट्टीचा दिवस घालवते, स्कूटी काढते. नवरा विचारतो, “किती दिवस चालायचं हे?” पाऊस लागला की सुटेन, असं मी त्याला सांगितलं होतं. पाऊस लागला. वाट चिखलाची झाली, म्हातारी तितकीच म्हातारी राहिली.

परवा मधल्या सुट्टीत मुलीने मला व्हरांड्यात गाठलं.

“बाई, रविवारी आपला नंबर होता ना? आजी काय म्हणाली?”

“म्हणाली, तुझी पोरगी हंडा भरून आनायची.”

ती खूश होऊन वर्गात पळाली. गणिताचा तास सुरू झाला. मी शिक्षक-खोलीतल्या टेबलावरची पर्स उघडली तर फोनवर मिस्ड कॉल, एक दिवस आधीच. एक घर माहेरी गेलं असणार.