बन्सीची सिंगल बेल

सिद्धेश्वरच्या फाट्याच्या अलीकडे बेल वाजली. एकच. मी ब्रेक दाबला, बस बाजूला घेतली आणि डबल बेलची वाट पाहत बसलो. ती आलीच नाही... आरशात पाहिलं तर दाराकडं कुणी उठलेलं नव्हतं. कोण उतरतंय म्हणून ओरडलो, तर प्रवासी एकमेकांची तोंडं बघायला लागले. मागून एक म्हातारी म्हणाली, कंडक्टर तर केव्हाचे झोपलेत. बन्सी राठोड आपल्या सीटवर खिडकीला डोकं टेकून बसला होता, दोन्ही हात मांडीवरच्या तिकिटांच्या पेटीवर. हात गार पडले होते. औंढ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, जाऊन बराच वेळ झालाय. मग दोरी ओढली कुणी? प्रत्येकाला विचारलं, कुणीच हात लावला नव्हता. याला आता दीड महिना होत आला, तरी ती बेल माझ्या कानातून जात नाही.

बन्सी माझा कंडक्टर. वसमतच्या डेपोत आमची जोडी नव्वदच्या सुमाराला लागली ती शेवटपर्यंत. ड्रायव्हरला कंडक्टरचं तोंड कमी दिसतं, बेल जास्त ऐकू येते. एक दिली की थांबायचं, दोन दिल्या की निघायचं. बन्सीची बेल कोरडी, तुटक. शंभरात ओळखली असती. सुरुवातीला त्याला कामाचं भारीच वेड. तांड्यावरून नोकरीला लागलेला पहिलाच माणूस, त्यामुळं नाही म्हणणं ठाऊकच नव्हतं. कुणी रजेवर गेलं की त्याच्या जागी हा, सणासुदीला हा, गोरेगावच्या मुक्कामाच्या गाडीवर पुन्हा हाच. घरच्यांना तुझं तोंड तरी आठवतं का, असं मी विचारायचो. तो हसण्यावारी न्यायचा.

मग एकदा झालं असं... हिंगोली वेगळा जिल्हा व्हायच्या आधीची गोष्ट. लागोपाठ ड्यूट्या करून बन्सी संध्याकाळी घरी पोचला. दारातच त्याची छोटी जमुना येऊन पायाला बिलगली आणि या पठ्ठ्यानं तिच्याकडं न बघताच विचारलं, "कुठं जायचं?" पोरगी गोंधळली, मग शहाण्यासारखी म्हणाली, "घरी." दुसऱ्या दिवशी त्यानं हे मला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पाहून मला थट्टा सुचली नाही.

त्याच आठवड्यात त्यानं भंगारवाल्याकडून जुन्या बसची बेल आणली आणि घराच्या दारावर टांगली, दोरीसकट. घरी आला की एक बेल. त्यानंतर त्या घरात ड्यूटीचा शब्द काढायचा नाही. सकाळी निघताना डबल बेल. डेपोत आम्ही त्याला खूप छळलं, घराला परमिट काढलंस का म्हणून. जादा ड्यूटीला तो नाही म्हणायला लागला, साहेबांनी तोंड फिरवलं, तरी हा आपला ढिम्म. एकदा त्याच्या सुट्टीच्या दिवशी मी बदली ड्यूटीचा निरोप घेऊन गेलो. त्यानं चहा पाजला, पण निरोप काही ऐकून घेईना. शेवटी उठला, डबल बेल दिली, उंबऱ्याबाहेर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "हं, आता बोल. काहून आला?" ऐकून घेतलं, नाही म्हणाला, आणि आत जाताना पुन्हा एक बेल दिली. मला तेव्हा त्याचा राग आला होता. पुढं मीही घरी गेल्यावर आधी खाकी उतरवायला लागलो, ते त्याच्यामुळंच.

परवा त्याच्या घरी गेलो. फाट्यावरच्या बेलचं वहिनींना सांगून मोकळं व्हावं, असं ठरवूनच गेलो होतो. दुपार कलली होती. झाडाचं पान हलत नव्हतं, आणि दारावरची दोरी झुलत होती... सावकाश, कुणी नुकताच हात काढून घ्यावा तशी. मी बघतच राहिलो. जमुना आता कॉलेजात जाते. ती म्हणाली, "काका, बाबा गेले तवापासून ती अशीच हलून राहिली."

वहिनी उंबऱ्याशी बसल्या होत्या. ती बेल काढून टाका म्हणून भावकी मागं लागली होती. त्या ऐकत नव्हत्या. "त्या दिशी डबल बेल देऊन गेले, भाऊजी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्यास्नी घरी आणलं तवा रडारडीत कुनाला सुचलं न्हाई. आल्याची बेल झालीच न्हाई. मंग ते अजून ड्यूटीवरच हायेत ना?" ज्या माणसानं घरी पोचण्यासाठी एवढा हट्ट धरला, तो कुठल्या फाट्यावर ताटकळत असेल?

"तुमी त्यांच्या गाडीचे," वहिनी म्हणाल्या. "तुमीच द्या."

ड्रायव्हरनं बेल ऐकायची असते, द्यायची नसते. तरी पुढं झालो. दोरी खाली मोकळी लोंबत होती, तरी हातात धरली तर ताठ लागली. एकदा ओढली. कोरडी, तुटक... फाट्यावर ऐकली होती तीच. हात काढला आणि दोरी जागच्या जागी थांबली. वहिनी उठल्या, तांब्याभर पाणी आणून पाय धुवायच्या दगडावर ठेवलं, रोज ठेवायच्या तसं. मग आम्ही आत बसलो. जमुनानं चहा केला.

फाट्यावरच्या त्या बेलचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आल्याची बेल झाली होती, आणि त्या घरात आता ड्यूटीचा शब्द काढायचा नव्हता. मी जमुनाला अभ्यासाचं विचारलं, चहा घेतला आणि निघालो. राहिलेलं ते इथं, उंबऱ्याबाहेर, लिहितो आहे.