पिलांवरची मरळ

तलावाचा परवाना आमच्या मालकांच्या नावानं निघाला त्या दिवशी घरात गूळ वाटला. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या गुरुजींनी त्यातल्या अटी वाचून दाखवल्या आणि गुळाची चव गेली. भर पावसाळ्यात जाळं टाकायचं न्हाय, बारीक डोळ्याचं जाळं वापरायचं न्हाय, हे आपलं ठीक. पण शेवटची अट अशी, की सरकार तलावात माशाचं बी सोडणार, त्याच्या आधी झाडून सारी मरळ काढून टाकायची. मरळ ते बी खाते. बी घेऊन साहेब येतील तवा एक जरी मरळ दिसली तर परवाना रद्द, आणि तलाव बार्शीकडच्या ठेकेदाराला.

ज्वारीचं बी असतंय, करडीचं असतंय. मासा काय पेरायचा असतोय व्हय, म्हणून मी हसले. मालक हसले न्हाईत.

आमी भोई. सोनारीच्या अलीकडच्या त्या तलावावर माझ्या सासऱ्याच्या आधीपासून आमचं पोट. निजामाच्या अमलात अंमलदाराच्या घरी चार मासे नेऊन टाकले की वर्षभर कुणी विचारत नसे. राज्य बदललं, मग हैदराबाद गेलं, मुंबई आली, मुंबईचं महाराष्ट्र झालं, आणि आमच्या हातात कागद आला. कागद नव्हता तवा तलाव जाईल असं कधी मनात आलं न्हाय. कागद आला आणि मालकांची झोप गेली.

मालकांनी गळाला बेडकं लावून मरळी काढायचा सपाटा लावला. चांगल्या हातभर लांबीच्या मरळी. परांड्याच्या बाजाराला जिवंत जायच्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून. मरळ पाण्याबाहेरही लई वेळ जगते. तलाव जवळजवळ रिकामा झाला. राहिली एकच जोडी, धुण्याच्या दगडाजवळच्या लव्हाळ्यात. तिला पिलं झाली होती.

मरळीची पिलं लाल असतात. पुंजक्यानं वर येतात, पाण्यावर कुंकू सांडल्यागत दिसतात, आणि खाली आईबाप राखण करत असतात. पिलांवरची मरळ धरायची सोपी, कारण ती पळून जात न्हाय. पण घरात बाई गरवार असली तर पिलांवरच्या मरळीला आमच्यात कुणी हात लावत न्हाय. आणि मला सहावा लागला होता. आधीचं एक पोटातच गेलं होतं.

“दुसरी सारी काढली की,” मालक म्हणायचे. “ही पिलं मोठी होऊन पांगतील, मग बघू.”

“आन् साहेब त्याच्या आधी आले म्हंजी?”

ते तंबाखू मळत बसायचे. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, मला तलावाकडं जायलाच बंदी केली. त्या पिलांवर तुझी सावलीबी पडू द्यायची न्हाय, म्हणाल्या. मी घरात बसून सडकेवरच्या मोटारीचा आवाज ऐकायची. एसटी गेली तरी उठून दारात यायची. तलाव गेला तर खाणार काय, आणि मरळ मारली तर पोटातल्याचं काय व्हईल, दोन्ही बाजूंनी जीव टांगणीला. दुपारी लेकरू हाललं न्हाय की मी आत्याबाईंच्या नकळत पोटावर बोटं आपटून बघायची.

आणि साहेब आलेच. ट्रकमधनं, पत्र्याचे डबे घेऊन. डब्यांमध्ये बोटाच्या पेरापेक्षा बारकी पिलं, निम्मी तर पोट वर करून तरंगणारी. साहेब काही वाईट माणूस नव्हता. तोही घामेजून गेला होता, सारखा डब्यात हात घालून पाणी हलवत होता. बी मेलं तर वरचे त्याला विचारणार होते. गाव जमलं तशी मीही गेले, आत्याबाईंच्या पाठीमागं, रिकामा हंडा कमरेवर घेऊन. पाण्याला चालल्याचं सोंग.

साहेबानं बांधावरून पाण्यावर नजर फिरवली आणि ती दगडाजवळ थांबली.

“ते लाल काय आहे?”

साहेबाला काय ते ठाऊक होतंच. म्हणाला, “आत्ताच्या आत्ता काढा. नाहीतर हे डबे मी पुढच्या तलावाला नेतो, आणि तुमच्या परवान्याचं काय ते वर लिहून पाठवतो.”

मालकांच्या खांद्यावर जाळं होतं. ते तसेच उभे. माझ्याकडं बघितलं, माझ्या पोटाकडं बघितलं, जाळं खांद्यावरच. मला त्यांचा इतका राग आला, आणि इतकी दयाही आली. हा माणूस काही करणार न्हाय आणि आमी साऱ्यांनी उपाशी मरायचं. मी आत्याबाईंना बाजूला सारलं आणि गुडघाभर पाण्यात उतरले.

“अगं ए, माघारी फीर,” आत्याबाई म्हणाल्या.

“मारत न्हाय मी. नेऊन ठेवते.”

पदराच्या टोकात ती पिलं गोळा केली आणि हंड्यात सोडली. मरळीनं माझ्या नडगीला धडक दिली, दोनदा. मग मी हंडा पाण्यात आडवा धरला, तोंड तिच्याकडं करून. कसं सुचलं सांगता येत न्हाय. पिलं आत वळवळत होती. ती आली. हंड्याच्या तोंडाशी जरा थांबली आणि आपल्या पायानं घरात शिरावं तशी आत शिरली. मी हंडा उभा केला.

तेवढं झाल्यावर मालक पाण्यात धावले. हंडा त्यांनी माझ्या हातातून घेतला आणि गावामागच्या पडक्या बारवेत नेऊन ओतला. साहेबानं डबे उघडले, बी सोडलं, कागदावर सही केली. परवाना राहिला.

पण जोडीतला दुसरा तिथंच होता. साहेबाला दिसला न्हाय, मला दिसला. दुसऱ्या दिवशी धुण्याला गेले तर तो दगडापासून लव्हाळ्यापर्यंत जायचा आणि परत दगडाकडं यायचा. तिसऱ्या दिवशीही तेच. मालकांनाही दिसला असणार. ते त्या बाजूला जाळं टाकत नव्हते, आणि मी विचारलं न्हाय. एके दिवशी तो दिसेनासा झाला.

दिवस भरत आले. मी पाण्यात उतरले त्या दिवसापासून आत्याबाई माझ्याशी मोजकंच बोलत. बाळंत झाले भर दुपारी. लेकरू रडलं न्हाय. मुलगा का मुलगी मी विचारलं न्हाय, नुसतं म्हणाले, “रडंना का? आत्याबाई, रडंना का ते?” आत्याबाईंनी त्याला पायाला धरून उलटं केलं, पाठीवर चापट मारली, आणि ते रडलं. मग आत्याबाईही रडल्या. मुलगी होती.

ती लेक आता मुरूमला असते, तिलाही नातवंडं झाली. मला भेटायला एसटीनं येते. एसटी कधी वेळेवर येत न्हाय. उशीर झाला की मी दारापासून लिंबापर्यंत जाते आणि लिंबापासून दारात येते. घरातले म्हणतात, आजी, बसा की एका जागी. बसवत न्हाय. तलावातला तो दुसरा असाच फिरत होता. त्याची गेलेली परत आली न्हाईत. माझी लेक, उशिरा का व्हईना, येते.