मावसोबांचं एका दिवसाचं हैदराबाद

हैदराबाद शहर पुरतं पाहिलेला माणूस खुद्द हैदराबादेतही सापडायचा नाही. तो आमच्या धर्मापुरीत होता, आणि त्यानं ते एका दिवसात पाहिलं होतं. हा माणूस म्हणजे माझ्या थोरल्या मावशीचे यजमान. आई आणि मावशी दोघी सख्ख्या बहिणी एकाच गावात दिलेल्या, त्यामुळे मावसोबांच्या आणि आमच्या घरामध्ये काय तो एक गोठा होता. माझं निम्मं लहानपण त्या गोठ्यापलीकडंच गेलं. आई हाका मारून दमायची आणि मी तिकडं मावसोबांच्या तोंडून चारमिनार ऐकत बसलेली असायची.

कुठंही गेलं की ती जागा वसूल करून यायची, हा मावसोबांचा स्वभाव. लग्नाला गेले तर पहिल्या पंगतीला जेवत आणि बाकीच्या सगळ्या पंगतींना वाढायला उभे राहत. बसून राहणाऱ्याला लग्न दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. परळीच्या शिवरात्रीच्या जत्रेत ते जाताना उजवीकडची दुकानं बघत आणि येताना डावीकडची. मध्ये कुणी ओळखीचं भेटलं तर तोंड त्याच्याकडं आणि डोळे दुकानाकडं. मुक्काम ही गोष्ट त्यांना मुळीच पसंत नव्हती. "शहरात येक दिस लई हाय," ते म्हणायचे. "दुसऱ्या दिशी मानूस शहर बघत न्हाई, जेवाया काय हाय ते बघतो." हे ऐकून मावशी चुलीपुढून म्हणायची, "अवं, पन येक दिस तरी न्याल का मला?" आणि मावसोबा एकदम गाईला पाणी दाखवायला उठायचे.

त्यांचं ते हैदराबाद घडलं ते गावच्या देशमुखांमुळे. देशमुखांचा जमिनीचा एक दावा हैदराबादेला चालला होता आणि मावसोबा त्यात साक्षीदार होते. निजामाच्या राज्यात दाव्याला तारखा पडत, माणसं म्हातारी होत, पण दावे तरणेच राहत. धर्मापुरीहून छकडा जुंपून, गंगाखेडला गोदावरी उतरून परभणी गाठायची आणि तिथून रात्रभर आगगाडी. एवढा सगळा खटाटोप एका दिवसासाठी, कारण देशमुखांना परक्या शहरात रात्र काढायची विलक्षण धास्ती. सकाळच्या गाडीनं उतरायचं आणि संध्याकाळच्या गाडीत बसायचं, हा त्यांचा हुकूम. बरोबरच्या सगळ्यांनी कपाळाला हात लावला, मावसोबांना मात्र हर्ष झाला. मावशीनं तेव्हाही विचारून पाहिलं. मावसोबा म्हणाले, "येका दिसात दोगांचं शहर बघून व्हत न्हाई. आदी मी बघून येतो, मंग तुला बैजवार दाखवतो." मावशी चुलीपुढं जाऊन बसली. त्या दिवशी भाकरी जरा करपल्या.

करपलेल्या भाकरीचा अर्थ मावसोबांना कळत असे. निघायच्या आदल्या दुपारी मावशी ओसरीवर पडली असताना ते चोरपावलांनी आले, करदोड्याचा दोरा काढला, तिचा हात हळूच उचलला आणि मनगटाभोवती दोरा फिरवून माप भरलं तिथं दोऱ्याला खुणेची गाठ मारली. मी खांबाला टेकून चिंचोके खेळत होते. त्यांनी मला ओठावर बोट ठेवून दाखवलं आणि दोरा पागोट्यात खोचून, एखादं मोठं राजकारण केल्यासारखे परसदारी निघून गेले. हैदराबादच्या बांगड्या आणून मावशीला चकित करायचा त्यांचा बेत होता.

त्या दिवशी हैदराबादेत साक्ष झालीच नाही, पुढची तारीख पडली. देशमुख टेशनावर वळकटीला टेकून बसले आणि मावसोबा सुटले. मुसा नदीचा पूल त्यांनी दोनदा ओलांडला, एकदा वरच्या अंगाचं पाणी बघत आणि एकदा खालच्या अंगाचं. झटका म्हणजे तिथली घोडागाडी, तिच्यात बसले ते मागं तोंड करून, कारण पुढचं काय ते चालताना दिसणारच होतं. भाकरी चालता चालता खाल्ली. मक्का मशिदीसमोर उभं राहून दगड कुठल्या खाणीचा, हे चार जणांना विचारलं आणि चार जबाब मिळवले. अत्तराच्या गल्लीत तर त्यांनी कहर केला. दर दुकानात नमुना म्हणून एकेक बोट पुढं करत गेले आणि डाव्या हाताचं एकही बोट कोरडं ठेवलं नाही. गाडीत देशमुख नाकाला उपरणं लावून पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसले म्हणतात. गावात आल्यावर पारावर माणसं रांगेनं येऊन त्या हाताचा वास घेत होती, आणि मावसोबा सांगत होते, "ही हिना. हा मोगरा. हे अंगठ्याचं हाय ते खस, आस्ते घ्या, लई नाजूक असतं." बोटं धुवायची नाहीत म्हणून डाव्या हाताची बाकीची कामं त्यांनी त्या दिवसांत कशी भागवली, हे मात्र कुणी विचारलं नाही.

आणि बांगड्या. हिरव्या लाखेच्या, वर बारीक आरशाच्या टिकल्या. मावशीनं हातात घेतल्या, डोळ्यांना लावल्या, आणि चढवायला गेली तर बांगडी बोटांच्या पेरांपुढं सरकेना. तेल लावलं, हात आवळला, आईनं ओढून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. आता हे गावातल्या कुठल्याही पोरीला ठाऊक असतं की बांगडीचं माप मनगटाचं नसतं, पंजाचं असतं. पंजातून गेली तर ती मनगटात येणार. पण मावसोबांना कुठून ठाऊक असणार? कासारीण ओट्यावर आली की बाप्यामाणसांनी तिथून उठून जायचं, ही आमच्याकडची रीत. बायका बांगड्या भरतात म्हणजे नेमकं काय करतात, हे गावातल्या एकाही पुरुषानं कधी पाहिलं नव्हतं. दुकानदारानं विचारलं होतं म्हणे, "बच्ची के वास्ते क्या, पटेल?" मावसोबांना गाडीची घाई. "हौ हौ, बांधो जल्दी," म्हणाले. त्यामुळे त्या बांगड्या माझ्या हातात बसल्या. त्या वर्षी धर्मापुरीत मी हैदराबादी लाखेच्या बांगड्या घालून शेण गोळा करत हिंडत होते, आणि मावसोबा मला बघितलं की दुसऱ्या गल्लीनं जात होते.

पुढं कितीतरी वर्षं तो एक दिवस त्यांनी पुरवला. दर वेळी सांगताना त्यात काहीतरी नवं निघे. मावशी भाकरी थापता थापता चूक काढायची. "अवं, घड्याळाचा मनोरा आदी येतो, मंग कमान. गेल्या साली तर तसं सांगितलंत." आणि गंमत अशी की मावसोबा विचार करून म्हणत, "हां, बराबर हाय तुजं." न पाहिलेलं शहर तिला पाठ झालं होतं. पण पाठ होणं वेगळं आणि पाहणं वेगळं. कधी बैल आजारी, कधी ज्वारी काढणीला आलेली, कधी तारीखच हुकली. मावशीचं जाणं काही होईना. तिचे केस पांढरे व्हायला लागले तरी ती मधूनच विचारायची, पण आता विचारताना हसायची, आणि ते हसणं मला आवडायचं नाही.

माझं लग्न होऊन मी माहेरपणाला आले होते त्या साली देशमुखांच्या दाव्याला पुन्हा तारीख लागली आणि मावसोबा न विचारता म्हणाले, "हिला घेऊन जायाचं हाय." मावशीच्या सोबतीला मी. दिवस पुन्हा एकच, देशमुखांची धास्ती वयाबरोबर वाढलेली. मग मावसोबांनी तालीम सुरू केली. खळ्याच्या मधोमध बैल फिरवायला रोवलेली मेढ, तो चारमिनार. कडब्याची गंजी, ती मक्का मशीद. पाण्याचा पाट, ती मुसा. डोक्यावर पदर घेतलेली मावशी मागं, धोतर खोचलेले मावसोबा पुढं, "चल चल, हिथं थांबायचं न्हाई, मान वळवून बघायचं," असं करत दोघं खळ्यात फिरत होती. बांधावर अख्खा गाव जमला. एका म्हाताऱ्यानं तर मेढीला हात जोडले. मावशी हसून हसून पाटातच बसली आणि मावसोबा ओरडले, "अगं, नदीत काहून बसली? गाडी चुकंल."

हैदराबादेत उतरलो आणि घडलं ते असं. साक्ष नेहमीप्रमाणे पुढं गेली. मावसोबा आम्हाला घेऊन निघाले ते पळतच. चारमिनारच्या जवळची वाट म्हणून बांगड्यांच्या बाजारातून शिरले. दोन्ही बाजूंनी नुसता लखलखाट. मावशी एका म्हाताऱ्या मणियाराच्या दुकानापुढं थांबली आणि सरळ बसलीच.

"अगं, ऊठ. समदं शहर बघायचं हाय अजून."

"शहर माजं बघून झालंय," मावशी म्हणाली. "इतकी वर्सं तुमी दावलं की. बांगड्या तेवढ्या ऱ्हायल्यात."

रीतीप्रमाणे मावसोबा उठून बाजूला झाले. चार पावलं गेले. समोर चारमिनार उभा होता, त्याच्याकडं पाहिलं, सूर्याकडं पाहिलं, आणि परत येऊन दुकानाच्या पायरीवर बसले. मणियार मावशीचा पंजा दाबत होता, अंगठा आत दुमडत होता. "हात ढिल्ला छोडो, अम्मा." एकेक बांगडी पेरांवरून अडखळत वर जात होती आणि मनगटावर येऊन सैल पडत होती. मावसोबा एकटक बघत होते.

"मंजी माप हिथनं घेयाचं असतं व्हय?"

"मंग काय."

"आन् मी मनगट मोजलं."

"ठावं हाय मला. जागीच हुते की मी."

मावसोबा पायरीवरून अर्धे उठले. "जागी हुतीस? मंग तवाच बोलली काहून न्हाईस?"

मावशीनं पदर सारखा केला. मणियाराकडं बघत, हळू आवाजात म्हणाली, "भर दुपारी ओसरीवर हात धरला हुता तुमी. बोलले असते तर सोडला असता."

मावसोबांनी पागोटं काढलं, पुन्हा घातलं. नंतर ते मणियाराला म्हणाले, "आस्ते भरो, मियाँ. कुछ जल्दी नहीं है." आयुष्यात पहिल्यांदा हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकले मी. दुसऱ्या हाताच्या बांगड्या भरून होईतो ते तिथंच बसले होते, आणि मग मावशीनं त्या बदलून पुन्हा दुसऱ्या भरल्या तेव्हाही बसले होते. चारमिनार आम्ही जाता जाता, मान वळवून पाहिला.

गावात पहिल्या फेरीचं वर्णन पुढंही चालू राहिलं. दुसऱ्या फेरीत काय पाहिलं असं कुणी विचारलं तर मात्र म्हणायचे, "दुसऱ्या खेपंला बघाया सवडच झाली न्हाई बे." आणि उगाच हसायचे.

मावशी गेली ती त्याच बांगड्या घालून. त्यानंतर मी माझ्या पोरीला घेऊन धर्मापुरीला गेले, तिच्या हातात माझ्या त्या लहानपणच्या हिरव्या बांगड्या होत्या. मावसोबांना आता दिसायचं कमी. त्यांनी पोरीचा हात हातात घेतला, बांगड्या चाचपल्या, आणि हलवून त्यांचा आवाज ऐकला.

"माप चुकलंच हुतं," ते म्हणाले. मग बांगड्या पुन्हा एकदा वाजवून म्हणाले, "बरं झालं."

पोरीचा हात त्यांनी बराच वेळ सोडला नाही, आणि तीही गप बसून राहिली.