हिरव्या शाईची चिठ्ठी

दर दुसऱ्या शुक्रवारी दुपारी चारला आमच्या सॉफ्टवेअर टीमची रेट्रो असते. दोन आठवड्यांचा स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक टप्पा, संपला की टीमनं एकत्र बसायचं आणि काय चुकलं, काय बरं झालं ते चिठ्ठीवर लिहायचं. नाव घालायचं नाही. चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायच्या मी, कारण टीमची स्क्रम मास्टर, म्हणजे या बैठका चालवणारी, मी. कुणाची चिठ्ठी हे विचारायचं नाही, हा नियमही माझाच. शाईवरून ओळख पटू नये म्हणून मी चिक्कडपल्लीच्या स्टेशनरीवाल्याकडून एकसारखी निळी पेनं आणली होती. केवढी ती माझी हौस!

टीममध्ये आठ डेव्हलपर आणि टेस्टर एकच. गौलीगुड्याची मुलगी, घर मराठी, पण कितीतरी पिढ्या या तेलुगू शहरातलंच. "हौ ताई", "नक्को ताई" करत फाडफाड बोलायची. मराठी वाचताना मात्र अडखळायची. मी पुण्याची, दहा वर्षं इथं काढूनही जराशी शिष्टच. पण तिच्याशी चार शब्द बोलले की बरं वाटायचं. ती कंत्राटावर होती. कंत्राट महिनाअखेर संपणार होतं आणि पुढचं मिळायला आमच्या डिलिव्हरी हेडची सही लागणार होती. आईवडील तिच्याच पगारावर. रोज डबा उघडताना ती मला विचारायची, सही झाली का म्हणून.

त्या शुक्रवारी हेड स्वतः दारात येऊन उभे राहिले. मी वाचत गेले, आणि मधेच एक चिठ्ठी हिरव्या शाईत निघाली. इंग्रजीत लिहिलं होतं, की तारीख आधी क्लायंटला सांगता आणि किती दिवस लागतील ते आम्हाला नंतर विचारता, मग विचारता तरी कशाला? वाचून होताच मी ती गठ्ठ्याखाली सरकवली. हिरव्या पेनानं वहीत बग, म्हणजे कोडमधल्या चुका, टिपून ठेवणारी ती एकटीच. बाई गं, निळी पेनं मग कशाला आणली होती मी!

हेडनी मला केबिनमध्ये बोलावलं. शाईकडे त्यांचं लक्ष गेलं नव्हतं. कुणी लिहिलं, म्हणून त्यांनी शांतपणे विचारलं. मी म्हटलं, नियम आहे, सांगणार नाही. इथवर मी ठीक वागले. मग ते म्हणाले, असली कुरकुर आळशी लोकच करतात. झालं, माझं डोकं फिरलं.

"आळशी? नऊ दिवस कोडिंग चालतं, टेस्टिंगला उरतो एक दिवस. त्यात सगळं तपासायचं, आणि एखादा बग सुटला की वर बोलणी खायची. कोण गप्प बसेल, सर?"

 "अच्छा. टेस्टिंग," एवढंच ते म्हणाले.

 टीममध्ये टेस्टर एकच होती. मी सारवासारव करायला लागले, चिठ्ठीत टेस्टिंगचा शब्दही नाही, मी आपलं एक उदाहरण दिलं. त्यांनी तोवर लॅपटॉपकडे तोंड वळवलं होतं.

सही झाली नाही. बजेट नाही, असं कारण आलं. तिनं मला पँट्रीत गाठलं.

"ताई, साहेबांपुढं माझं नाव कुणी घेतलं काय हो?"

नाव मी कुठं घेतलं होतं? "मला काय माहीत," असं म्हणून मी कप विसळायला लागले. आधीच स्वच्छ होता तो. हे लिहिताना आजही माझी मलाच किळस येते.

पुढची रेट्रो नेमकी तिच्या शेवटच्या दिवशी आली. हेड परत दारात. पोरं शहाणी झाली होती. निळ्या आठ चिठ्ठ्या निघाल्या आणि आठांवर एकच, सगळं ठीक. नववी हिरवी. या वेळी मराठीत, एकेक अक्षर कष्टानं काढलेलं. खोलीत मराठी येणाऱ्या आम्ही दोघीच.

"इथं खरं लिहिता आलं. ताईंमुळे."

मी ती मनातल्या मनातच दोनदा वाचली. सगळे थांबले होते. काय लिहिलंय, हेडनी विचारलं.

"सगळं ठीक," मी म्हटलं.

 मग तिनं हिरव्या पेनाला टोपण लावलं. साहेबांपुढं ताई कशा वागतात ते बघून पँट्रीतल्या प्रश्नाचं उत्तर तिला मिळालं होतं.