तांब्याच्या हंड्यातलं पाणी

कळंबच्या बब्रुवाननं तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात गाड्या खोलल्या. नुसत्या आवाजावरून बिघाड सांगणारा गडी. पण बायकोला, अयोध्याला, लकवा मारला, वाचा गेली, आणि त्याचे सगळे पान्हे निकामी झाले. चार महिने ती भिंतीकडं तोंड करून पडून होती.

मग सोलापूरची लेक मंजुषा काचेची पेटी घेऊन आली. त्यात पाणवनस्पती आणि शेवाळ खाणारे बारीक झिंगे. काचेवरचं हिरवं खरवडून ते इवल्या हातांनी तोंडात घालत. अयोध्यानं मान वळवली. तिची नजर त्यांच्या मागं फिरायला लागली.

शेजारची गौराबाई डोकावलीच. आमच्या गल्लीत दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायला सगळ्यांना फुरसत!

"दाजी, कालवणाचा जिन्नस नुसता बघत बसलाव व्हय?"

"तुझ्या दाताला बी लागायचा न्हाय गं त्यो. पळ!"

अयोध्याचा ओठ एका बाजूनं हलला. हसली! त्या दिवसापासून बब्रुवान झिंग्यांना जिवापाड जपायला लागला.

नळाच्या पाण्याला पावडरीचा वास. म्हणून दिवसभर उघडं ठेवलेलं पाणीच घाला, असं मंजुषानं बजावलं होतं. तो प्लॅस्टिकच्या बादलीत ठेवायचा. एकदा त्याच्या मनात आलं, आपण पितो तांब्यातलं, आणि ह्यांना बादलीतलं? माळ्यावरून अयोध्याच्या माहेरचा हंडा काढला. चिंच-मिठानं घासून लख्ख केला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातलं पाणी पेटीत ओतलं. हंडा बघून अयोध्याचे डोळे भरले. खुशीत तो स्टँडवर दोस्तांकडं गेला.

दिवस कलता परत आला तर झिंगे तळाशी आडवे. गुलाबी, शिजवल्यासारखे. त्यानं मंजुषाला फोन लावला.

"अण्णा, पाणी कशात ठिवलं होतं?"

"तुज्या आईच्या हंड्यात. घासून-पुसून."

"तांबं म्हंजे झिंग्याला जहर असतंय, अण्णा."

"मग म्या कसा पितो? आं?"

"तुमी माणूस हाव, अण्णा."

त्यानं फोन आपटला. हंड्याला लाथ घातली. मग पाय धरून खाली बसला, तेव्हा डोक्यात आलं की ही दिवसभर बघत होती. एकेक तडफडताना बघत होती, आणि हिला हाक मारता येत नव्हती.

अयोध्या भिंतीकडं वळली होती.

मंजुषानं नवे झिंगे आणले. ते काचेवर चढले, खरवडायला लागले. अयोध्या वळली नाही. महिन्याभरात तेही एकेक करून संपले. त्यांना काय झालं, बिघाड ओळखणाऱ्या बब्रुवानला अजून कळलेलं नाही.

काच हिरवी झाली. काल गौराबाई आली, तर तो पेटीत कोपरापर्यंत हात घालून नखानं शेवाळ खरवडत होता.

"अयोध्या," तो म्हणत होता, "बघ की इकडं. म्या खरवडायलोय."

गौराबाई उंबऱ्यावरूनच माघारी गेली.