जेवणाआधीचा अर्धा तास

कामोठ्यात सध्या अशी वदंता आहे की कीर्ती मढवीने बिस्किट कंपनीच्या माणसाला केरसुणी घेऊन तीन मजले खाली पिटाळलं. मासळी विकणाऱ्या सोनाबाईच्या टोपलीतून ही बातमी निघाली आणि संध्याकाळपर्यंत केरसुणीचं लाटणं नि लाटण्याचं मुसळ झालं. खरं सांगायचं तर कीर्तीच्या दवाखान्यात केरसुणी नाहीच. वाकून झाडणं तिला कमीपणाचं वाटतं, तिथे लांब दांड्याचा मॉप आहे. तिच्या हातात होता तो आलं घातलेल्या चहाचा कप, तोही त्या माणसासाठीच आणलेला. आणि पिटाळलं कुणी कुणाला नाही. सत्यजीत नावाचा तो टायवाला माणूस आपल्या पायांनी, आपल्या वेगाने, लिफ्टची वाट न बघता उतरला. का उतरला, हे कळायला कीर्तीच्या पोटात शिरावं लागेल. तिथे अकरा वर्षांची जळजळ साठली आहे, आणि बाई स्वतः आहारतज्ज्ञ असूनही तिला त्यावर उतारा सापडलेला नाही.

कीर्ती मूळची विचुंब्याची. बाप काशिराम भातशेतीवाला. "भातावर वाढलेली पोर, नि लोकांना भात कमी करा सांगून पोट भरते," असं तो शेवटपर्यंत हसत हसत सांगायचा. पण पोर कामात वाघीण. कामोठ्यात ट्यूशन क्लासच्या वरच्या मजल्यावर तिचा दवाखाना आहे. टेबलावर औषधं नाहीत. वाट्या, डाव, चमचे आणि पेले ओळीने मांडलेले. "काल भात किती खाल्ला?" असं ती विचारत नाही. "दाखवा," म्हणते. माणूस तोंडाने सहज खोटं बोलतो. वाटी हातात घेतली की त्याचा हात खरं बोलतो. शिवाय बोंबील, जवळा, अंबाडीची भाजी हे ती तक्त्यात लिहिते. शहरातल्या बायकांसारखं एवोकॅडो लिहून सासवांना घाबरवत नाही.

एवढी हुशार बाई, पण पनवेलच्या पोषणशास्त्र परिषदेत तिची जागा दारात. ही परिषद म्हणजे आहारतज्ज्ञ, प्राध्यापिका आणि दोनचार डॉक्टर यांचा मेळा. वर्षातून एकदा त्यांचं संमेलन भरतं. हॉल, जेवण, पिशवी, पेन सगळं बिस्किट कंपनीचं. त्या बदल्यात कंपनी काही मागत नाही हो, फक्त जेवणाआधीचा अर्धा तास मागते. जेवणाआधीचा का? कारण जेवल्याशिवाय कोणी घरी जात नाही, हॉल भरलेला असतो. या अर्ध्या तासाचा वक्ता परिषदेची विज्ञान समिती निवडते, असं पत्रिकेत छापलेलं असतं. कंपनीकडून एक नाव येतं, आणि समितीच्या मनातही दरवर्षी नेमकं तेच नाव असतं. मनं जुळायची तर अशी जुळावीत.

कीर्तीला तो अर्धा तास हवा होता. पैशासाठी नाही, पैसे त्यात नव्हतेच. शाल, श्रीफळ, आणि दारावरच्या बॅनरवर फोटो. अकरा वर्षं ती त्याच बॅनरखाली टेबल टाकून आलेल्यांच्या गळ्यात नावाचे बिल्ले अडकवत होती. पुढच्या वर्षी आपलं, पुढच्या वर्षी आपलं, असं म्हणत. आणि तीन वर्षांपूर्वी किशोरी ओगले आली. पहिल्याच वर्षी तिला अर्धा तास. दुसऱ्या वर्षी अर्धा तास. तिसऱ्या वर्षी अर्धा तास आणि बॅनरवरचा फोटो वीतभर मोठा. वीतभर म्हणजे वीतभरच, कीर्तीने बिल्ल्याच्या दोरीने मोजून पाहिला होता.

"नाचणीवर बोलणार आहे म्हणे," यंदाच्या संमेलनाच्या आदल्या दिवशी ती नवऱ्याला म्हणाली. "नाचणी! भाकरी थापायला सांग तिला. तव्यावर तिचा नकाशा होईल."

प्रदीप रिक्षा युनियनचं काम बघतो. भांडणं ऐकायची त्याला सवय आहे. तो म्हणाला, "भाकरी तुलाही कुठे येते? आई थापते."

"मला येत नाही हे मी बॅनरवर लावत नाही."

"तुला तिचं बोलणं आवडत नाही, की तिला बोलायला मिळतं ते?"

या प्रश्नावर त्या घरात जेवणात मीठ कमी पडलं.

पण जळणारी बाई रिकामी बसत नाही. कीर्तीने कंपनीच्या नाचणी बिस्किटाचा पुडा आणला, चष्मा पुसला आणि मागची बारीक अक्षरं वाचली. पहिला मैदा. दुसरी साखर. मग तेल. नाचणी नऊ टक्के, आणि पुढच्या बाजूला नाचणीचं कणीस हाताएवढं. तिला इतका आनंद झाला की तो पुडा देवासमोर ठेवायचाच तेवढा बाकी राहिला. आता कसं, आता तत्त्वाचा प्रश्न आहे! विज्ञान सांगणाऱ्या संस्थेने कंपनीच्या ताटात जेवावं का? प्रश्न अगदी रास्त होता. अकरा वर्षांत तो तिला एकदाही पडला नव्हता, एवढंच.

संमेलनात किशोरीचा अर्धा तास संपला, टाळ्या झाल्या, आणि मागून कीर्ती उठली. हातात कागद, आवाज खणखणीत.

"मॅडम, पुड्यावर लिहिलंय नाचणी नऊ टक्के. साखर त्याच्या वर. तुमच्या अर्ध्या तासात हे कुठल्या स्लाइडवर होतं?"

सत्यजीत पहिल्या रांगेत टाय सैल करू लागला. अध्यक्षा चंद्रावती मॅडमनी चष्मा काढला. अकरा वर्षांत प्रथमच सगळ्या माना कीर्तीकडे वळल्या होत्या. तिने कागद हॉलकडे वळवून आणखी उंच धरला, आणि तिथेच घात झाला. दुसऱ्या रांगेतली मनिषा फिसकन हसली.

"अगं कीर्ती, कागद बघ की!"

कागद कीर्तीच्याच दवाखान्यातला. पेशंटला आहार लिहून द्यायचं पॅड. दरवर्षी संमेलनात कंपनीच्या पिशवीतून मिळायचं, आणि उरलेली पॅडं कीर्ती टेबलाखालून गोळा करून घरी न्यायची. चांगला जाड कागद, वाया कशाला घालवा? तळाशी रंगीत छापलेलं होतं तेच नाचणी बिस्किट, आणि त्याखाली 'रोजचा पौष्टिक नाश्ता'. पाऊण हॉलने ते वाचलं. हशा असा उठला की स्वयंपाक्यांना वाटलं, कार्यक्रम संपला. चंद्रावती मॅडम म्हणाल्या, "चला, पुऱ्या गार होतायत."

किशोरी तेवढी हसली नाही. संध्याकाळी तिने फोन केला. "कीर्तीताई, तुमचा प्रश्न बरोबर होता. मी पुडा उलटून पाहिलाच नव्हता. मला लाज वाटली."

कीर्तीने फोन ठेवला आणि उशीवर मूठ मारली. चांगुलपणातसुद्धा ती पुढे!

हे एवढ्यावरच थांबलं असतं. पण सोमवारी सोनाबाई आली, टोपली जिन्यावर ठेवून. तिला दोन वर्षांपासून साखर आहे आणि कीर्तीचा आहार चालू आहे. रिपोर्ट पाहून कीर्ती उडालीच. साखर उतरायची सोडून चढली होती.

"सोनाबाई, काय खाल्लंस तू?"

"तुमी दिलाय तोच खाल्लाय बाय."

"मी काय दिलं?"

सोनाबाईने कमरेच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि तळाच्या बिस्किटावर बोट ठेवलं. "ह्यो. सकाली चार, दुपारी चार. म्हाग हाय, पन नातवाला बी नाय दिला. औषद हाय म्हनलं."

"अगं, वर मी काय लिहिलंय?"

"मना कुठं वाचता येतंय? चितर तं रंगीत हाय."

वर कीर्तीच्याच अक्षरात, खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं: बिस्किट बंद.

हॉलमधल्या हशाने जे झालं नव्हतं ते त्या बोटाने झालं. अशा किती सोनाबाया? तिने आठवून पाहिलं आणि आठवणं थांबवलं. वाट्या मांडून लोकांचं खोटं पकडणारी ही बाई स्वतःच घरोघर एक रंगीत खोटं वाटत होती. सोनाबाईला तिने कोऱ्या वहीच्या पानावर चित्रं काढून दिली: वाटी, भाकरी, मासा, आणि बिस्किटावर मोठी फुली. मग कपाटातली चौदा पॅडं काढून सुतळीने बांधली.

गुरुवारी सत्यजीत आला. सोनाबाई तेव्हा जिन्यातच टोपली टेकवून दम खात होती, पुढे गावभर झालेली केरसुणी तिनेच 'पाहिली'. कीर्तीने त्याला बसवलं, चहा टाकला. खोटं कशाला, तिच्या मनात पुन्हा पालवी फुटली होतीच.

"मॅडम, हॉलमध्ये काय आवाज पोचला तुमचा!" सत्यजीत म्हणाला. "पुढच्या वर्षी जेवणाआधीचा अर्धा तास तुमचा. समितीचं आम्ही बघतो."

कीर्तीने हातातला कप त्याच्यापुढे ठेवला. "आणि किशोरी?"

"त्यांनी यापुढे नको म्हणून कळवलंय. तुम्ही काळजी करू नका, स्लाइड्स आमच्याकडे तयार असतात."

म्हणजे हेही आधी किशोरीनेच नाकारलेलं ताट! ते आता हिच्यापुढे सरकवलेलं. कीर्तीच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटलं ते पाहिलेला साक्षीदार फक्त सत्यजीत, आणि तो काही सांगायला परत आलेला नाही. दोन मिनिटं आतून तिचा शांत आवाज येत होता. मग दार उघडलं आणि तो बगलेत सुतळीने बांधलेला पॅडांचा गठ्ठा घेऊन खाली धावला. चहा तसाच राहिला.

भिंतीपलीकडून अर्धंमुर्धं ऐकलेल्या शेजारच्या दिपाला राहवलं नाही. ती आत आली आणि म्हणाली, "अगं, अकरा वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकलास ते दारात चालून आलं, आणि तू घालवलंस?"

कीर्तीने तो गार चहा उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाली, "घालवलं कुठे? मी हो म्हटलं. फक्त किशोरीला अर्धा तास होता, मला पाऊण तास द्या म्हटलं, आणि वरची पंधरा मिनिटं मी पुड्यामागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचणार म्हटलं. पळाला तो, त्याला मी काय करू?"